बेवारस दिसणाऱ्या गाड्या: पुण्यातल्या एका गल्लीचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण 2024 च्या पावसाळ्यातले. कोथरूड आणि कर्वेनगरच्या मधल्या पट्ट्यातली एक गल्ली. दोन्ही बाजूंना जुन्या तीन मजली सोसायट्या, तळमजल्यावर थोडी दुकाने, टोकाला लहान मुलांची शाळा. इमारती उभ्या राहिल्या तेव्हा घरटी एक स्कूटर धरून जागा सोडली होती. आता घरटी दोन दुचाकी आणि बहुतेकांकडे एक चारचाकी आहे, त्यामुळे निम्म्या गाड्या रस्त्यावरच मुक्कामाला असतात. कोणाची ओळख पटू नये म्हणून नावे दिलेली नाहीत आणि काही तपशील बदलले आहेत.

मी त्या गल्लीत राहत नाही. तक्रार अर्ज लिहिण्याच्या कामात मदत हवी म्हणून तिथल्या एका सोसायटीच्या सेक्रेटरी काकूंनी मला बोलावले आणि शेवटपर्यंत मी त्यांच्याबरोबर होते.

तेव्हाच्या दोन गोष्टी लक्षात घ्यायला हव्यात. महापालिकेच्या लोकनियुक्त सभागृहाची मुदत मार्च 2022 मध्ये संपली होती आणि कारभार प्रशासकांकडे होता. एरवी अशा कामाला माणूस आधी नगरसेवकाचे संपर्क कार्यालय गाठतो. माजी नगरसेवक तेव्हाही फोन लावून देत होते, पण पाठपुरावा नागरिकांनाच करायचा होता. दुसरी गोष्ट डासांची. जून 2024 मध्ये एरंडवण्यात झिकाचे रुग्ण सापडले होते, डेंगी दरवर्षीप्रमाणे होताच, आणि गल्लीत दोन गरोदर मुली होत्या, ज्यांच्या बाळांना झिकाचा धोका होता. वर्षानुवर्षे धूळ खात पडलेल्या गाड्यांकडे लोकांनी त्या महिन्यात एकदम गांभीर्याने पाहिले ते त्यामुळे.

अडचण

शाळेची व्हॅन वळायची जागा एका बंद टेम्पोने अडवली होती. मुले रस्त्याच्या मधोमध उतरत. टेम्पोच्या हौद्यात ताडपत्री, फुटक्या कुंड्या, जुने टायर पडलेले आणि त्यात पाणी साचलेले. गाड्यांच्या खाली झाडू पोचत नव्हता, त्यामुळे पाचोळा कुजत होता. आणि एका वळणावर विजेच्या खांबाला टेकून नंबर प्लेट नसलेली एक स्कूटर उभी होती. 10 जुलै 2014 रोजी फरासखाना पोलीस ठाण्याबाहेर स्फोट झाला तेव्हा स्फोटके चोरीच्या मोटारसायकलमध्ये ठेवली होती, हे पुणेकर विसरलेले नाहीत. त्या स्कूटरजवळून जाताना काकूंनाही तेच आठवत असे.

सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'बेवारस गाड्या' म्हणून फोटोंची माळ लागली. सात गाड्या झाल्या. सगळ्यांचे म्हणणे एकच होते: महापालिकेला कळवा आणि उचलून न्या.

यादी आधी तपासली

इथे काकूंनी घेतलेला पहिला निर्णय मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यांनी सात फोटो तसेच पुढे पाठवले नाहीत. धूळ बसली म्हणजे गाडी टाकून दिली असे होत नाही. पुण्यात मेट्रोची आणि इमारतींची कामे चालू असताना आठवड्याभरात कुठलीही गाडी तशी दिसते.

मग प्रत्येक गाडीच्या चाकावर आणि खालच्या रस्त्यावर जुळणारी खडूची खूण केली. पावसाने खडू जाईल म्हणून त्याच कोनातून तारखेसह फोटो ठेवले. टायरमध्ये हवा आहे का, चाकाखाली गवत उगवले आहे का, काचा शाबूत आहेत का, बॅटरी किंवा चाके काढून नेली आहेत का, हे पाहिले. नंबर असलेल्या गाड्या एमपरिवहन ॲपवर टाकल्या. त्यात मालकाचे पूर्ण नाव दिसत नाही, मधली अक्षरे झाकलेली असतात आणि पत्ता-फोन तर मिळतच नाही. पण नोंदणीची मुदत, विमा, पीयूसी कधी संपले ते दिसते. विमा संपून वर्षे लोटली असतील आणि टायरही बसले असतील, तर अंदाज पक्का होतो. एकट्या एका खुणेवर भरवसा ठेवू नये.

सातपैकी चार गाड्या इथेच यादीतून गेल्या. एकीचे मालक अमेरिकेत मुलाकडे गेले होते, त्यांचा भाचा अधूनमधून येऊन इंजिन चालू करून जाई. विमा चालू, टायर ठीक. ती गाडी महापालिकेने उचलली असती तर भांडण शेजाऱ्याशीच झाले असते. एक गाडी गॅरेजवाल्याकडे दुरुस्तीला आलेली होती. त्याला सांगितले, त्याने आत घेतली. बाकी दोन नुसत्या मळलेल्या निघाल्या.

उरल्या तीन: टेम्पो, बिननंबरची स्कूटर, आणि एक पांढरी मारुती 800.

समोर असलेले पर्याय

बैठक सोसायटीच्या जिन्याखाली झाली. चेअरमन काकांनी सगळ्यांना बोलू दिले.

सर्वांत सोपा पर्याय एका दुकानदाराने आणला. त्याच्या ओळखीचा भंगारवाला तिन्ही गाड्या रात्रीत घेऊन जायला तयार होता, वर पैसेही देणार होता. पुष्कळांना हे पटले. मी विरोध केला, आणि आजही करीन. नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच कायद्याने मालक. त्याच्या संमतीशिवाय गाडी विकणे ही चोरी ठरते, मग गाडी किती का गंजलेली असेना. शिवाय नोंदणी रद्द न होता मोडलेल्या गाडीचा नंबर आणि चासी नंबर दुसऱ्याच गाडीवर फिरू शकतो, आणि तो कशासाठी वापरला जाईल ते सांगता येत नाही.

दुसरा पर्याय होता फोटो समाजमाध्यमांवर टाकून मालकाला लाजवण्याचा. मारुतीचे मालक कोण हे ठाऊक नसताना असे करू नये, एवढ्यावर एकमत झाले.

तिसरा महापालिकेचा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम 1949 मधले कलम 230 रस्त्यावर वस्तू ठेवून अडथळा करायला मनाई करते आणि कलम 231 प्रमाणे अशी वस्तू नोटीस न देताही हटवण्याचा अधिकार आयुक्तांना आहे. वाहनाच्या बाबतीत मात्र आधी नोटीस चिकटवून मुदत देतात, आणि ते योग्यच आहे, कारण वाहनाला नोंदणीकृत मालक असतो. हे काम क्षेत्रीय कार्यालयातल्या अतिक्रमण विभागाचे.

चौथा पोलिसांचा. मोटार वाहन कायदा 1988 चे कलम 127 सांगते की सार्वजनिक जागी दहा तास किंवा जास्त वेळ सोडून दिलेले वाहन हलवण्याचा आदेश त्या हद्दीतला गणवेशातला पोलीस अधिकारी देऊ शकतो. मोडके, जळालेले किंवा सुटे भाग काढलेले वाहन रहदारीला धोका करत असेल तर दहा तास थांबण्याचीही गरज नाही. उचलण्याचा खर्च मालकाच्या माथी. कायद्याचे शब्द भक्कम आहेत. अंमल मात्र क्रेन किती, उचललेल्या गाड्या ठेवायला जागा किती यावर ठरतो. पोलीस ठाण्यांची आवारे जप्त गाड्यांनी आधीच भरलेली असतात. सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात अशा गाड्या ठाण्यात कुजत न ठेवता लवकर निकाली काढाव्यात असे बजावले होते, तरी गर्दी हटलेली नाही.

आणखी एक प्रश्न बैठकीत कोणाच्या डोक्यात नव्हता: रस्ता कोणाचा? पुण्यात अनेक ले-आऊटमधले अंतर्गत रस्ते कागदोपत्री अजून सोसायटीच्या किंवा मूळ मालकाच्या नावावर आहेत. रस्ता महापालिकेच्या ताब्यात नसेल तर अतिक्रमण विभाग 'खासगी जागा' म्हणून हात वर करू शकतो. क्षेत्रीय कार्यालयात विचारून या गल्लीचा रस्ता हस्तांतरित झाल्याची खात्री केली, ती नोंद अर्जाला जोडली. पुढे एका कर्मचाऱ्याने हाच प्रश्न विचारला तेव्हा कागद हातात होता.

काय केले

स्कूटर सगळ्यांत आधी. तिला कोणी हात लावायचा नाही, हलवायची नाही, डिकी उघडून पाहायची नाही, असे ठरले आणि 112 वर फोन केला. बीट मार्शल (गस्तीवरचे पोलीस) आले, त्यांनी आजूबाजूला पाहिले, मग चासी नंबर टिपून नेला. दोन दिवसांत कळले की स्कूटर शहराच्या दुसऱ्या टोकाहून चोरीला गेली होती, गुन्हाही दाखल होता. पंचनामा झाला, स्कूटर ठाण्यात गेली. पंच म्हणून सही करायला सुरुवातीला कोणी पुढे येईना. कोर्टाच्या चकरांची भीती. अखेर चेअरमन काका आणि किराणा दुकानदार उभे राहिले. ही स्कूटर महापालिकेच्या क्रेनने इतर भंगारासोबत उचलली असती तर ती चोरीची आहे हे कदाचित कधीच उघड झाले नसते. नंबर नसलेले वाहन आधी पोलिसांकडे, हा क्रम म्हणूनच मोडू नये.

टेम्पो आणि मारुतीची तक्रार ऑनलाइन केली, दोन्हींची मिळून एकच. सोबत डासांचाही उल्लेख केला. ती तक्रार डासांच्या शब्दावरून कीटक प्रतिबंधक विभागाकडे गेली. तिथला निरीक्षक तत्परतेने आला, टेम्पोतल्या टायरमध्ये अळ्या सापडल्या, पाणी ओतून औषध टाकले, आणि त्याच्यापुरते काम झाले म्हणून तक्रार बंद झाली. गाड्या जिथल्या तिथे. त्या निरीक्षकाने सांगितलेली एक गोष्ट मात्र सगळ्यांच्या उपयोगाची: डेंगी-झिका पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी मिळाले की फुटतात. नुसते पाणी ओतून भागत नाही, कड घासावी लागते किंवा ती वस्तूच हलवावी लागते. म्हणजे टेम्पो जागेवर असेपर्यंत धोका कायम.

मग दोन वेगळे अर्ज केले. एका अर्जात एक गाडी: नंबर, रंग, जागेची खूण, पहिल्या आणि ताज्या फोटोची तारीख, शाळेच्या व्हॅनला होणारा अडथळा. एक प्रत क्षेत्रीय कार्यालयात आवक शिक्का मारून, एक वाहतूक शाखेला. 'कारवाई करावी' एवढेच न लिहिता 'दोन्ही खात्यांनी संयुक्त पाहणी करावी' अशी विनंती केली. एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवण्याची जागाच ठेवायची नाही, हा त्यामागचा विचार.

तेवढ्यात 25 जुलै उजाडला. खडकवासला धरणाचा विसर्ग आणि रात्रभराचा पाऊस, सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरले. अधिकारी, जेसीबी, क्रेन सगळे नदीकाठी. ग्रुपवर एक-दोघांनी 'आता तरी आपली तक्रार वर चढवा' असा आग्रह धरला. काकूंनी लिहिले, "लोकांच्या घरात चिखल आहे. आपला टेम्पो अजून महिनाभर उभा राहिला तरी चालेल." पाठपुरावा थांबवला. शाळेशी बोलून व्हॅन तात्पुरती दुसऱ्या टोकाला थांबू लागली, टेम्पोच्या हौद्यातली ताडपत्री मुलांच्या पालकांनी ओढून पाणी निथळते केले. क्षेत्रीय कार्यालयातल्या लोकांना हा समजूतदारपणा लक्षात राहिला असावा. ऑगस्टमध्ये पाहणीसाठी त्यांनी स्वतःहून फोन केला.

मारुतीचा निर्णय

इथे समितीत खरे मतभेद झाले. पाहणीत दोन्ही गाड्यांना नोटीस लावायची असे अधिकारी म्हणाले. पण तोवर गल्लीतल्या इस्त्रीवाल्या भाऊंना कोणीतरी सहज विचारले आणि उलगडा झाला. गाडी कोपऱ्यावरच्या इमारतीत पूर्वी राहणाऱ्या एका काकांची. ते वारले, आजी आता मुलीकडे वारज्याला असतात. घर भाड्याने दिलेले, गाडी राहिली ती राहिलीच.

काही जणांचे म्हणणे, नोटीस लागू द्या, उचलली की प्रश्न संपला. चेअरमन काका म्हणाले, "ज्यांच्याकडे दिवाळीचा फराळ खाल्लाय, त्यांच्या गाडीला नोटीस लागण्याआधी एक फोन तरी करू." अधिकाऱ्यांना विनंती केली, त्यांनी मारुतीची नोटीस थोडी लांबवली.

आजी फोनवर म्हणाल्या, "गाडी न्या हो, माझा काही जीव अडकलेला नाही त्यात. पण सही कोणाची चालेल ते मला कोणीच सांगत नाही." मुलाने मध्यंतरी एका भंगारवाल्याला विचारले होते, त्याने 'मालकाची सही आणा' म्हटल्यावर विषय तिथेच थांबला होता.

नियम असा आहे की मालक वारल्यावर गाडी ज्याच्या ताब्यात येते त्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचे आणि तीन महिन्यांत नमुना 31 भरून गाडी नावावर करायची. दुःखाच्या दिवसांत हे कोणाच्या ध्यानात राहते? 2021 पासून आरसीवर नॉमिनी नोंदवण्याची सोय आहे, जुन्या गाड्यांच्या बाबतीत ती फार थोड्यांनी वापरली आहे. मृत्यूचा दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र, मुलगा आणि मुलगी दोघांची संमती, जुने आरसी बुक एवढे जमवले. बँकेचा बोजा नव्हता, चलन थकलेले नव्हते. 2021 च्या नियमांप्रमाणे नोंदणी मिळालेल्या वाहन मोडणी केंद्राने कागद तपासले, गाडी चोरीची नाही याची पडताळणी केली, ट्रकवर घालून नेली आणि ठेव प्रमाणपत्र, म्हणजे गाडी मोडीसाठी जमा केल्याचा दाखला, दिला. त्याच्या आधाराने आरटीओत नोंदणी रद्द झाली. कायमची निकामी झालेली गाडी मालकाने चौदा दिवसांत आरटीओला कळवावी असे मोटार वाहन कायद्याचे कलम 55 म्हणते. ते पाळले गेले नव्हते, पण नोंदणी कायद्याने बंद झाली. आजींच्या खात्यात भंगाराचे पैसेही आले.

परिणाम

स्कूटरच्या मूळ मालकिणीला पोलिसांनी कळवले; कोर्टाच्या आदेशाने सुपुर्दनाम्यावर, म्हणजे मागितल्यावर हजर करण्याच्या लेखी हमीवर, तिला स्कूटर परत मिळाली. मारुती कायमची गेली.

टेम्पोची गोष्ट तशी सरळ झाली नाही. अतिक्रमण विभागाने काचेवर सात दिवसांची नोटीस चिकटवली. मुदत संपायच्या आत एका रात्री तो नाहीसा झाला. ग्रुपवर अभिनंदनाचे संदेश आले. दोन आठवड्यांनी कोणीतरी पाहिले, टेम्पो पलीकडच्या गल्लीत, महावितरणच्या डीपीशेजारी उभा. काचेवर नोटिशीचा अर्धा फाटका कागद तसाच. मालकाने चार माणसे लावून ढकलत नेला होता. आमची तक्रार 'जागा मोकळी' म्हणून बंद झाली आणि कागदावर ते खरेही होते. पलीकडच्या गल्लीतल्यांना सगळे पहिल्यापासून सुरू करावे लागले. पण टेम्पोचे जुने फोटो, नोटिशीची तारीख आणि आवक क्रमांक आम्ही त्यांना दिले, त्यामुळे त्यांच्या अर्जात 'हेच वाहन आधी अमुक ठिकाणी होते, नोटीस देऊनही केवळ हलवले आहे' हे पुराव्यासह लिहिता आले. यावेळी नोटिशीची मुदत संपताच क्रेन आली. मालक महापालिकेच्या गोदामात दंड भरायला गेला तेव्हा कळले की त्याचा धंदा टाळेबंदीत बसला होता, टेम्पोवर कर्ज होते, आणि फायनान्स कंपनीने ओढून नेऊ नये म्हणून तो दुसऱ्याच भागात आणून लावला होता.

वेगळे काय करता आले असते

टेम्पोच्या बाबतीत तक्रार जागेला बांधलेली राहिली, वाहनाला नाही. पहिल्याच अर्जात 'या क्रमांकाचे वाहन हद्दीत कुठेही सार्वजनिक रस्त्यावर आढळल्यास' असे वाक्य घालायला हवे होते आणि नोटीस लागली त्या दिवशीच शेजारच्या गल्ल्यांना नंबर कळवायला हवा होता. आता त्या भागातल्या पाच-सहा सोसायट्यांची एक सामाईक यादी आहे. तिच्यात फक्त नंबर, पहिला दिसल्याची तारीख आणि आवक क्रमांक असतो. मालकाविषयी कोणतीही माहिती त्यात टाकायची नाही असे ठरले आहे.

मालकाशी बोलण्याचा विचार मारुतीच्या बाबतीत झाला, टेम्पोच्या बाबतीत नाही. टेम्पोवर एका केळीवाल्याचा फोन नंबर रंगवलेला होता, पुसट पण वाचता येईल असा. तो कोणी लावून पाहिला नाही. लावला असता तर कर्जाची गोष्ट आधी कळली असती आणि फायनान्स कंपनीला लेखी कळवण्याचा मार्ग निघाला असता. कंपनी स्वतःच्या खर्चाने गाडी घेऊन गेली असती. अर्थात मालक उद्दाम निघण्याची शक्यता असते, म्हणून असा फोन एकट्याने करू नये, सोसायटीच्या वतीने करावा.

डासांचा आणि गाडीचा विषय एका अर्जात मिसळू नये. दोन्ही खरे आहेत, पण दोन खात्यांचे आहेत. डासांची तक्रार पावसाळ्यात लगेच हलते, म्हणून ती आधी आणि स्वतंत्र करावी. निरीक्षकाचा अळ्या सापडल्याचा शेरा मिळाला की तो अतिक्रमण विभागाच्या अर्जाला जोडता येतो. आमच्याकडे तो शेरा होता, पण दुसऱ्या अर्जाला जोडायचा राहिला.

पंचनाम्याच्या वेळी जी चालढकल झाली तिचीही तयारी आधी करता येते. चोरीचे वाहन सापडण्याची शक्यता असेल तर फोन करण्याआधीच दोन जणांनी पंच म्हणून थांबायचे कबूल करावे, आपले ओळखपत्र जवळ ठेवावे. पोलीस येऊन तासभर खोळंबले तर पुढच्या वेळी त्यांनाही घाई वाटत नाही.

आणि आजींसारख्या घरांसाठी: सोसायटीत कोणी वारले की सेक्रेटरी भागपत्र (शेअर सर्टिफिकेट) आणि नॉमिनेशनचे कागद करतातच. त्याच भेटीत 'गाडी कोणाच्या नावावर आहे?' हा एक प्रश्न विचारायला त्या गल्लीतल्या तीन सोसायट्यांनी सुरुवात केली आहे. नमुना 31 ची कोरी प्रत त्यांच्या ऑफिसच्या फाइलमध्ये असते.